तेरा ससे आणि लाटेवर स्वार झालेली जनुके

ऑगस्ट २०२२ मध्ये केंब्रिज आणि पोर्तो येथील संशोधकांचा ऑस्ट्रेलियातील सशांवरचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला आणि चोवीस सशांनी अख्खे खंड व्यापले, अशा आशयाच्या बातम्या जगभर झळकल्या. बातम्या चुकीच्या नव्हत्या, पण त्या वाचून मनात येणारे दोन निष्कर्ष चुकीचे असतात. पहिला असा की, इतक्या थोड्या जनावरांपासून वाढलेली प्रजा नात्यातल्या नात्यात संकर होऊन लवकरच खंगायला हवी होती आणि ती खंगली नाही हा चमत्कारच आहे. दुसरा असा की, जी प्रजा इतकी फोफावली तिच्यात आज सर्रास आढळणारी जनुके अर्थातच सरस असली पाहिजेत. समष्टी जनुकशास्त्र, म्हणजे एखाद्या प्रजातीच्या समूहातील जनुकांच्या प्रमाणाचा हिशेब ठेवणारे शास्त्र, हे दोन्ही निष्कर्ष मोडून काढते, आणि तसे करताना ज्या एका यंत्रणेचा आधार घेते ती मला जीवशास्त्रातील अत्यंत सुंदर कल्पनांपैकी एक वाटते.

आधी घटना नीट पाहू. येथे ससा म्हणजे युरोपीय ससा, बिळे करून कळपाने राहणारा; मोकळ्या रानात एकटा राहणारा ससा ही वेगळी प्रजाती आहे, मराठीत दोघांना शब्द मात्र एकच आहे. ऑस्ट्रेलियात पाळीव ससे १७८८ मध्ये पहिल्या इंग्रज ताफ्याबरोबरच पोहोचले होते आणि पुढील सात दशकांत किमान नव्वद वेळा ते पुन्हा आणले गेले, तरी खंडभर पसरले नाहीत. १८५९ मध्ये व्हिक्टोरिया प्रांतातील बार्वन पार्क येथील जमीनदार थॉमस ऑस्टिन याने शिकारीसाठी इंग्लंडहून ससे मागवले. सॉमरसेटमधील बाल्टन्सबरो या गावी राहणाऱ्या त्याच्या भावाला रानटी ससे मिळवताना फार कष्ट पडले. बिळांतून काढलेली जेमतेम सहा अर्धवट वाढलेली पिल्ले हाती लागली, म्हणून संख्या भरून काढण्यासाठी त्याने गावकऱ्यांनी खुराड्यात पाळलेले सात करडे ससे विकत घेतले. ‘लाइटनिंग’ या जहाजाने सुमारे ऐंशी दिवसांनी, नाताळच्या दिवशी, ते मेलबर्नला पोहोचले तेव्हा त्यांची संख्या चोवीस झाली होती, कारण सशाची मादी साधारण तीस दिवसांत विते आणि जहाजावर त्यांची वीण झाली होती.

म्हणून जनुकांच्या हिशेबात मोजायचे ते चोवीस नव्हे, तेरा. प्रत्येक सशात प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, म्हणजे त्या जहाजावर इंग्लंडहून चढल्या त्या प्रत्येक जनुकाच्या सव्वीस प्रती. जहाजावर जन्मलेल्या पिल्लांनी त्याच प्रतींची नक्कल केली, नवे काही आणले नाही. शिवाय ती सहा रानटी पिल्ले एकाच बिळातली भावंडे असतील, तर खऱ्या अर्थाने स्वतंत्र अशा प्रती सव्वीसहूनही कमी ठरतात. आईकडूनच वारशाने येणाऱ्या तंतुकणिकांच्या, म्हणजे पेशीतील मायटोकॉन्ड्रियाच्या, डीएनएवरून संशोधकांनी जे शोधले ते याच्याशी जुळते: मुख्य भूमीवरील बहुतेक सशांच्या मातृवंशांचा माग युरोपातून आलेल्या अवघ्या पाच माद्यांपर्यंत जातो.

आता नुकसान किती झाले ते मोजू. समूहातून कोणत्याही दोन प्रती उचलल्या असता त्या वेगवेगळ्या असण्याची जी शक्यता, तिला जनुकीय विविधतेचे माप मानतात. प्रजेची संख्या एका पिढीपुरती N इतकी घटली, तर हे माप एक-भागिले-दोन-N इतक्या अंशाने घसरते. तेरा सशांसाठी हा अंश एक-सव्विसांश, म्हणजे चार टक्क्यांहूनही कमी. मूठभर सशांनी मूळ समूहाची शहाण्णव टक्के विविधता बरोबर नेली, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला खरे वाटत नाही, पण गणित तेच सांगते. गमावले जाते ते वेगळेच: विरळ पर्याय. जनुकाचे जे वेगवेगळे पर्याय समूहात आढळतात त्यांना अलील म्हणतात. इंग्लंडमध्ये एक टक्का प्रमाणात असलेला एखादा अलील त्या सव्वीस प्रतींत एकदाही न येण्याची शक्यता ७७ टक्के आहे. दहा टक्के प्रमाणात असलेल्या अलीलसाठी तीच शक्यता साडेसहा टक्क्यांच्या आसपास आहे. थोडक्यात, जे सर्रास होते ते आले आणि जे दुर्मीळ होते ते बहुतांशी मागे राहिले. हा संस्थापक परिणाम.

मात्र प्रजा तेरांवरच अडकून पडली असती, तर दर पिढीला तोच एक-सव्विसांश कापला गेला असता आणि सुमारे अठरा पिढ्यांत निम्मी विविधता संपली असती. नात्यातल्या संकराची भीती खरी असते ती अशा दीर्घकाळ लहान राहिलेल्या समूहांसाठी. ऑस्टिनचे ससे तीन वर्षांत हजारोंनी मोजले जाऊ लागले. संख्येची ती चिंचोळी वाट इतक्या झपाट्याने पार पडली की कापणी सुरू होताच थांबली. चमत्कार येथे कुठेच नाही.

यानंतर जे घडले ती माझी आवडती यंत्रणा, आणि तिच्यासाठी थोडे सावकाश जावे लागेल. ससे वर्षाला शंभर किलोमीटरपर्यंतच्या वेगाने पसरत गेले आणि पन्नास वर्षांत खंडभर पोहोचले. अशा प्रसाराची एक आघाडी असते, समुद्राच्या लाटेला असते तशी. आघाडीच्या मागे जमीन भरलेली असते: बिळे व्यापलेली, गवत वाटून घेतलेले, आणि जन्मलेल्या बहुसंख्य पिल्लांना जागा न मिळाल्याने ती मरणारी. आघाडीवर मात्र थोडेच ससे असतात आणि त्यांच्यापुढे रिकामी जमीन पसरलेली असते. तेथे जन्मलेल्या पिल्लांतून पुढच्या पट्ट्यातील सगळी प्रजा तयार होते.

समजा, मागच्या एका मैदानात दहा हजार ससे आहेत आणि त्यांच्यापैकी एकात एक नवे उत्परिवर्तन झाले, जे सशाला ना उपकारक ना अपायकारक आहे. वीस हजार प्रतींतील ती एक प्रत. अशा तटस्थ बदलाने कालांतराने साऱ्या समूहात सर्वत्र होण्याची शक्यता त्याच्या सुरुवातीच्या प्रमाणाइतकीच असते, म्हणजे वीस हजारांत एक. आता तेच उत्परिवर्तन आघाडीवरच्या चार सशांपैकी एकात झाले असे धरा. चार हा आकडा केवळ समजण्यासाठी घेतला आहे. आठ प्रतींतील एक प्रत, म्हणून शक्यता आठात एक. बदल तोच, ससा तसाच, फरक फक्त जागेचा. आघाडीवर अशा चार-चार सशांची सोडत पुन्हा पुन्हा निघत जाते आणि योगायोगाने तिच्यात टिकलेला अलील लाटेच्या माथ्यावर बसून शेकडो किलोमीटर पुढे जातो. शास्त्रज्ञ याला अलीलने लाटेवर स्वार होणे असेच म्हणतात.

ही कल्पना डोळ्यांनी पाहता येते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ई. कोलाय या जिवाणूचे दोन प्रकार घेतले गेले, जे दोन वेगळ्या रंगांत चकाकतात एवढाच त्यांच्यात फरक होता. दोन्हींचे समप्रमाणात चांगले ढवळलेले मिश्रण पोषकद्रव्याच्या थाळीत मधोमध थेंबभर ठेवले. वसाहत गोलाकार वाढू लागली. मध्यभागी रंग मिसळलेले राहिले, पण कडेकडे जाताना ते वेगळे होत गेले आणि शेवटी बाहेरच्या परिघावर एका रंगाची पाचर, तिच्याशेजारी दुसऱ्या रंगाची पाचर, असे कापलेल्या फळाच्या फोडींसारखे चित्र तयार झाले. एका रंगाचा जिवाणू दुसऱ्यापेक्षा बलवान नव्हता. त्या ठिकाणी कडेवर ज्याची संतती योगायोगाने शिल्लक राहिली, त्याच्या रंगाने पुढची सगळी जागा रंगवली.

ऑस्ट्रेलियाची थाळी फार मोठी आहे, पण खूण तीच. २०२२ च्या अभ्यासात ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, ब्रिटन आणि फ्रान्समधील १८६५ ते २०१८ या काळातले १८७ ससे तपासले गेले. बार्वन पार्कपासून जितके दूर जावे तितकी विविधता घटत जाते आणि विरळ अलीलचे प्रमाण वाढत जाते, असे त्यात दिसले. विविधता घटते आणि विरळ पर्याय वाढतात, हे परस्परविरोधी वाटेल. ते तसे नाही. दोन पर्याय निम्मेनिम्म असलेले जनुक विविधतेच्या मापात ०.५ ची भर घालते, तर एक टक्का प्रमाण असलेला पर्याय जेमतेम ०.०२ ची. आघाडीवरच्या कापणीत पहिल्या प्रकारची थोडीशी जनुके जरी एकरंगी झाली, तरी माप घसरते. त्याच वेळी झपाट्याने वाढणाऱ्या प्रजेत नव्याने जन्मलेली विरळ उत्परिवर्तने पुसली जात नाहीत, ती साचत राहतात. पण त्यांनी घातलेली भर नगण्य असते.

पश्चिम ऑस्ट्रेलियात १९०१ ते १९०७ या काळात सशांना अडवण्यासाठी कुंपणे उभारली गेली. पहिले कुंपण १,८०० किलोमीटरहून लांब होते, पण ते पुरे होण्याआधीच ससे पलीकडे गेले होते. ते फसले हे सर्वांना ठाऊक आहे. या शास्त्राच्या दृष्टीने लक्षात घ्यायचे ते असे की, जे कुंपण बहुसंख्यांना अडवते आणि मोजक्यांना सोडते ते पलीकडच्या प्रजेसाठी आणखी एक संस्थापक परिणाम घडवू शकते.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगायलाच हवी. एखादा गुण एखाद्या समूहात सर्रास आढळतो म्हणून तो श्रेष्ठ, आणि तो ज्यांच्यात आहे त्यांचे रक्त शुद्ध, ही समजूत माणसांबद्दलही फार काळ बाळगली गेली आहे आणि हल्ली ती जनुकांची भाषा बोलू लागली आहे. तिला या शास्त्राचा कोणताही आधार नाही. लाटेच्या माथ्यावर अपायकारक उत्परिवर्तनेसुद्धा स्वार होतात, कारण जेथे प्रजा अगदी थोडी असते तेथे नैसर्गिक निवड दुबळी पडते आणि योगायोग वरचढ ठरतो. ‘आक्रमकतेचे जनुक सापडले’ असे कोणी सांगितले, तर केवळ ते सर्रास आहे एवढ्यावरून त्यावर विश्वास ठेवू नये.

मग निवड ओळखायची कशी? ऑस्टिनच्या सशांतील रानटी वारशाने त्यांना तगवले, असे संशोधकांना वाटते आणि मलाही ते पटते, कारण आधी आणलेल्या पाळीव सशांत माणसाळलेपणा आणि लोंबते कान यांसारखे रानात घातक ठरणारे गुण होते. परंतु एकदाच घडलेल्या घटनेवरून योगायोग पूर्णपणे वगळता येत नाही. तीच घटना वेगवेगळ्या ठिकाणी पुन्हा घडावी लागते, आणि सशांच्या बाबतीत ती घडली. १९५० मध्ये ऑस्ट्रेलियात सशांच्या नायनाटासाठी दक्षिण अमेरिकेतून आलेला मिक्सोमा विषाणू सोडण्यात आला. डासांमार्फत तो पसरला आणि सुरुवातीला त्याने लागण झालेल्या सशांपैकी ९९ टक्क्यांहून अधिक मारले. १९५२ मध्ये फ्रान्समधील एका डॉक्टरने आपल्या जमिनीवर तो सोडला आणि १९५३ मध्ये तो ब्रिटनमध्ये पोहोचला. तीन देश, एकाच दशकात, एकच विषाणू. ऑस्ट्रेलियातील एका ठिकाणी सात साथींनंतर रानातले ससे पकडून त्यांना प्रयोगशाळेत ठरावीक ताकदीच्या विषाणूची लागण केली, तेव्हा मृत्यूचे प्रमाण सुमारे ९० टक्क्यांवरून २६ टक्क्यांवर आले होते. सशांत काहीतरी बदलले होते.

काय बदलले, याचे उत्तर संग्रहालयांच्या कपाटांतून आले. साथीच्या आधीच्या सशांची जतन केलेली कातडी आणि हाडे तेथे पडून होती. त्यांत चार्ल्स डार्विनच्या संग्रहातला एक ससाही होता. त्यांच्या ऊतीच्या लहानशा तुकड्यांतून काढलेला, तुकडे तुकडे झालेला डीएनए आणि साथीनंतरच्या सशांचा डीएनए यांची तुलना २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. जवळपास दोनशे ससे आणि वीस हजारांच्या आसपास जनुके. विचलनाने, म्हणजे निव्वळ योगायोगाने, अलीलच्या प्रमाणात होणारे बदल तिन्ही देशांत तीन दिशांना जायला हवेत. येथे अनेक जनुकांत तेच अलील तिन्ही देशांत वाढलेले दिसले, आणि त्यांतील काही विषाणूंशी लढणाऱ्या इंटरफेरॉनसारख्या प्रथिनांशी संबंधित होते. कोणत्याही एका जनुकाने ससे वाचवले नाहीत. पुष्कळ जनुकांनी थोडा थोडा हातभार लावला.

हे अलील साथीनंतर नव्याने निर्माण झालेले नव्हते. ते आधीपासूनच युरोपातील सशांत होते, फ्रान्समधून ब्रिटनमध्ये आणि ब्रिटनमधून ऑस्ट्रेलियात गेले होते. दुर्मीळ असते, तर त्या प्रवासात ते बहुधा गळून पडले असते. सर्रास होते, म्हणून सुमारे नव्वद वर्षांनी येणाऱ्या साथीवरचा थोडाथोडा उतारा ‘लाइटनिंग’वरच्या त्या सव्वीस प्रतींमधून मेलबर्नच्या बंदरात उतरला होता.