काळा वाघ (गोवा)

गोव्यातील सत्तरी, धारबांदोडा, सांगे व काणकोण या सह्याद्रीलगतच्या तालुक्यांत अधूनमधून दिसणारा काळ्या रंगाचा मोठा मार्जार. कोकणीत ‘काळो वाग’. कुळागराच्या (सुपारी-नारळाच्या बागेच्या) बांधावर, काजूच्या बागेत किंवा घाटरस्त्यावर गाडीच्या उजेडात तो क्षणभर दिसतो.

बोलीत ‘वाघ’ हा शब्द बिबट्यालाही सर्रास लावतात; पट्टे असलेला तो ‘पट्टेरी वाघ’. पोर्तुगीज लेखनातील ‘ओन्सा’ हा शब्दही मार्जारकुळातील निरनिराळ्या प्राण्यांसाठी येतो. त्यामुळे जुन्या उल्लेखांतून नेमका प्राणी ठरवताना जपून राहावे लागते.

काळा वाघ ही वेगळी जात नसून तो कृष्णवर्णी बिबट्या (पँथेरा पार्डस) होय. हा रंग अप्रभावी जनुकामुळे, म्हणजे आई व बाप दोघांकडून मिळाले तरच परिणाम दाखवणाऱ्या जनुकामुळे येतो. म्हणून ठिपकेदार आईबापांच्या पोटीही काळे पिल्लू जन्मू शकते आणि एकाच विणीत दोन्ही रंगांची भावंडे असू शकतात. तिरपे ऊन अंगावर पडले की काळ्या कातडीतले ठिपके स्पष्ट उमटतात. दमट, दाट वनांत असे बिबटे तुलनेने अधिक आढळतात. अंधूक उजेडात दबा धरण्यास काळा रंग उपयोगी पडतो, हे त्याचे एक संभाव्य स्पष्टीकरण.

पायाच्या ठशांवरून होणारी ओळखही फसवी ठरते. जांभ्या दगडाच्या सड्यावर ठसा उमटतच नाही आणि पावसाळी चिखलात तो पसरून मोठा दिसतो. मग बिबट्याचा पट्टेरी वाघ होतो. नखांच्या खुणा उमटल्या असतील, तर ठसा बहुधा कुत्र्याचा.

पट्टेरी वाघ गोव्यात राहतो की कर्नाटकातून नुसता येऊन जातो, हा वाद जुना आहे. सीमेपलीकडे भीमगड अभयारण्य व काळी व्याघ्र राखीव क्षेत्र येथील वने सलग असल्याने ये-जा आहेच. मात्र जानेवारी 2020 मध्ये म्हादई अभयारण्यातील गोळावली येथे एक वाघीण व तिची तीन पिल्ले विषबाधेने मेली. पिल्लांसह वावरणाऱ्या वाघिणीला पाहुणी म्हणणे कठीण. तेव्हा वास्तव्याचे मत अधिक ग्राह्य वाटते. सत्तरी, सांगे भागांत ‘वाघ्रो’ या व्याघ्रदेवतेची पूजा होते. जुलै 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने तीन महिन्यांत व्याघ्र राखीव क्षेत्र अधिसूचित करण्याचा आदेश राज्य सरकारला दिला.