मीटर वाजला नाही म्हणजे बल्ब गेला?

बल्ब लागत नसला की आपण तो गेला असं धरून चालतो. दोष होल्डरचा किंवा बटणाचाही असू शकतो. जुन्या पद्धतीचा, तारेचा बल्ब असेल तर मल्टिमीटरने, म्हणजे विजेचा दाब, प्रवाह, रोध मोजणाऱ्या छोट्या यंत्राने, शहानिशा चटकन होते. बटण बंद करायचं, बल्ब गार झाल्यावर काढायचा. आट्यांचा बल्ब असेल तर मीटरची एक पिन तळाच्या टोकाला आणि दुसरी आट्यांना लावायची. खिट्ट्यांच्या बल्बला तळाशी दोन ठिपके असतात; दोन्ही पिना तिथेच लावायच्या. बाहेरची पितळी टोपी या मंडलात नसते, तिला पिन लावली तर चांगला बल्बही तुटका वाटेल.

आता खरी गंमत. मीटर 'पीं' वाजण्याच्या खुणेवर ठेवला, तर चांगला बल्बही कधी कधी गप्प राहतो. रोध म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळा, तो ओहममध्ये मोजतात; बहुतेक मीटर काही दहा ओहमच्या आतला रोध असेल तरच वाजतात. २३० व्होल्टच्या ६० वॅट बल्बची तार गार असताना साधारण ६०-७० ओहम दाखवते. म्हणून आवाजावर न विसंबता मीटर ओहमवर लावावा आणि आकडा वाचावा. आकडा आला तर तार शाबूत. अनंत रोधाची खूण (बहुतेक मीटरवर 'OL' किंवा डावीकडे एकटा '1') दिसली तर तार तुटली.

पण गणित केलं (व्होल्टचा वर्ग भागिले वॅट) तर याच बल्बचा रोध सुमारे ८८० ओहम यायला हवा! मीटर चुकत नाही. पेटलेल्या बल्बमधली टंगस्टनची तार अडीच हजार अंश सेल्सिअसच्या आसपास तापते आणि तापलेल्या धातूचा रोध वाढतो. बटण दाबताना तार गार असते, त्यामुळे पहिल्या क्षणी नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह धावतो. झिजून बारीक झालेली तार नेमकी तेव्हाच तुटते. बल्ब बहुधा लावतानाच का जातो, ते यातून कळतं.

ट्यूबलाइटच्या प्रत्येक टोकाच्या दोन पिनांमध्येही बारीक तार असते. ती तुटली असेल तर मीटर सांगेल, पण दोन्ही तारा धड असूनही ट्यूब निकामी असू शकते.

एलईडी बल्बपुढे मात्र ही चाचणी फोल आहे. पिना आणि दिव्यांच्या मध्ये इलेक्ट्रॉनिक मंडल असतं, आणि मीटरच्या बॅटरीचा क्षीण दाब ते पार करून एकापुढे एक जोडलेले एलईडी पेटवू शकत नाही. नवाकोरा बल्बसुद्धा मीटरला तुटका वाटू शकतो. तो चालू असलेल्या दुसऱ्या होल्डरमध्ये लावून बघणं हाच सरळ उपाय.