टोमॅटो सॉसला पाणी का सुटतं?

पास्त्यासाठी घरी टोमॅटो सॉस करायला टोमॅटो, लसूण, ऑलिव्ह तेल आणि मीठ एवढं पुरतं. तरी तो कधी दाट होतो, तर कधी ताटात पास्त्याभोवती लाल पाण्याचं तळं साचतं. टोमॅटोत सुमारे ९५ टक्के पाणीच असतं, हे खरं. पण ते पाणी धरून ठेवणाराही तिथेच असतो: पेक्टिन.

पेक्टिन म्हणजे वनस्पतीच्या पेशी एकमेकींना चिकटवून ठेवणाऱ्या लांबलचक साखळ्या. याच साखळ्या सॉसमध्ये पाणी अडवतात. टोमॅटो चिरला किंवा मिक्सरमधून काढला, की पेशी फुटतात आणि त्यातली एन्झाइम्स पेक्टिनचे तुकडे पाडू लागतात. कोमट रसात त्यांचा वेग आणखी वाढतो. तापमान ९० अंश सेल्सिअसच्या आसपास गेलं, की ती लवकरच निकामी होतात. म्हणून दाट पेस्ट करणारे कारखाने टोमॅटो चिरडताच झटकन तापवतात. याला ‘हॉट ब्रेक’ म्हणतात. ‘कोल्ड ब्रेक’मध्ये तापमान कमी ठेवतात, रस पातळ होतो, पण ताजी चव अधिक टिकते.

घरी यातून घ्यायचं एवढंच: चिरलेले टोमॅटो तासभर ठेवून देऊ नका. पसरट पातेल्यात तेल तापवा, लसूण तांबूस व्हायच्या आत टोमॅटो घाला आणि आच मोठीच ठेवा. उकळी आली की मग मंद करा. झाकण नको, वाफ जाऊ दे.

किती आटवायचं, हा मात्र आवडीचा प्रश्न. कच्च्या टोमॅटोचा हिरवट ताजा वास चिरताना तयार होणाऱ्या, चटकन उडून जाणाऱ्या रेणूंचा असतो. जास्त शिजवल्यावर तो जातो आणि डायमिथाइल सल्फाइडसारख्या रेणूंचा शिजका वास पुढे येतो. मला वीसेक मिनिटांत उतरवलेला सॉस आवडतो.

बिया काढून टाका, असं अनेक पाककृती सांगतात. मला ते पटत नाही. बियांभोवतीच्या बुळबुळीत गरात ग्लुटामेट बाहेरच्या गरापेक्षा बरंच जास्त असतं. जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये समुद्री शेवाळातून वेगळं काढून ‘उमामी’ म्हणजे भरीव, खमंग चवीशी जोडलं, तेच हे ग्लुटामेट. ते फेकण्यापेक्षा सॉस पाच मिनिटं जास्त आटवावा.

कांदा घालणार असाल, तर टोमॅटोआधी पूर्ण मऊ करून घ्या. आंबट रसात त्याचं पेक्टिन सहज विरघळत नाही, तो कचकच लागत राहतो. सॉस फार आंबट झाला तर साखर आंबटपणा फक्त झाकते; चिमूटभर खायचा सोडा आम्ल खरोखर कमी करतो. तो जास्त पडला तर साबणासारखी चव येते.

टोमॅटोचा लाल रंग, लायकोपीन, पाण्यात नाही पण तेलात विरघळतो. शिजवल्याने तो पेशींतून सुटतो आणि तेलासोबत शरीरात चांगला शोषला जातो. प्लास्टिकच्या डब्याला न जाणारा नारिंगी डाग पाडतो तोही हाच.

राहिलं सॉसवर तरंगणारं तेल. पास्ता उकळलेल्या पाण्यात स्टार्च उतरलेला असतो. त्यातलं पळीभर पाणी आणि पास्ता सॉसमध्येच घालून मिनिटभर जोरात परता. स्टार्चमुळे तेलाचे बारीक थेंब पुन्हा एकत्र येत नाहीत आणि सॉस पास्त्याला धरून राहतो.