नगरपालिकेकडून राज्याकडे : बेळगाव सीमाभागातील अग्निशमनाची पार्श्वभूमी

बेळगाव जिल्ह्यात आग लागली की धावून येणारा बंब राज्य सरकारच्या खात्याचा असतो, तर शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यात तो बहुधा महापालिकेचा किंवा नगरपालिकेचा असतो. या फरकाचे मूळ १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत आहे.

त्याआधी हा सारा मुलूख मुंबई राज्यात होता आणि १९०१ च्या मुंबई जिल्हा नगरपालिका कायद्याने आग विझवणे व आगीच्या वेळी जीवित-मालमत्तेचे रक्षण करणे हे नगरपालिकांचे कर्तव्य ठरवले होते. कायदा काहीही म्हणो, गल्लीतली आग आधी गल्लीलाच विझवावी लागे. भिंतीला भिंत लागून असलेल्या कौलारू घरांत एक घर पेटले, तर विहिरीपासून माणसांची रांग लावून घागरी पुढे सरकवत, आणि तेवढ्याने भागले नाही तर शेजारच्या घराची कौले उतरवून, वासे ओढून काढून आगीची वाट तोडत. निपाणीसारख्या पेठेत तंबाखूच्या वखारींमुळे धोका निराळाच होता, कारण दाबून रचलेला सुका माल वरून विझल्यासारखा दिसला तरी आतून धुमसत राहतो.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात गेला. त्याच जिल्ह्यातला चंदगड तालुका मात्र मुंबई राज्यात राहिला. पुढे म्हैसूर राज्याने १९६४ मध्ये अग्निशमन दलाचा स्वतंत्र कायदा करून ही सेवा राज्याच्या खात्याकडे घेतली. महाराष्ट्रात ती मुख्यतः स्थानिक संस्थांकडेच राहिली. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवेचा समावेश करून ती नगरसंस्थांकडे सोपवण्याची वाट मोकळी केली, तरी कर्नाटकाने आपली पद्धत बदलली नाही. लहान नगरपालिकेला प्रशिक्षित जवान, बंब आणि चोवीस तासांची पाळी पेलणे कठीणच असते. तेव्हा खानापूर, निपाणीसारख्या ठिकाणांना राज्याच्या व्यवस्थेचा लाभच झाला, असे म्हणावे लागेल. नवे केंद्र कुठे व्हावे याचा निर्णय मात्र बेंगळूरात होतो, ही तिची दुसरी बाजू.

दरवर्षी १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळला जातो तो मुंबई गोदीत १९४४ साली झालेल्या स्फोटात बळी पडलेल्या ६६ जवानांच्या स्मरणार्थ. या काळात ठिकठिकाणी जी प्रात्यक्षिके होतात, त्यांत सिलिंडरचा भडका ओल्या पोत्याने विझवणे लोक विशेष लक्ष देऊन पाहतात, कारण ते घरी उपयोगी पडणारे असते.

शिवारातली आग हा या भागाचा खरा प्रश्न आहे. उन्हाळ्यात गवतगंज्या पेटतात, वीजतारांच्या घर्षणाने ठिणगी पडून उभा ऊस जळतो, खानापूरच्या जंगलपट्ट्यात वणवे लागतात. ग्रामीण भागात बंब वीस मिनिटांत पोचावा असा मापदंड असला, तरी घाटमाथ्याकडच्या वाड्यावस्त्यांच्या बाबतीत तो पाळणे अवघड आहे. तोवर गावकरी कोयत्याने ऊस तोडून मोकळा पट्टा काढतात, ओल्या डहाळ्यांनी कडा झोडपतात. गंजी असेल तर नुसते वरून पाणी मारून भागत नाही. ती दाताळ्याने उसकटून पेंढ्या अलग कराव्या लागतात. त्यातच सुरक्षेसाठी वीजपुरवठा तोडावा लागत असल्याने विहिरीवरची मोटार बंद पडते. मग बंबाच्या टाकीतले साधारण साडेचार हजार लिटर पाणी संपल्यावर जवळचे तळे किंवा नाला गाठून ती पुन्हा भरून आणावी लागते.