निसर्गचित्रण (सोलापूर परिसर)

समोरची जमीन, पाणी, झाडे, वास्तू आणि त्यांच्यावरचे आकाश पाहून ते कागदावर उतरवणे म्हणजे निसर्गचित्रण. चित्रकलेच्या वर्गात याला ‘लँडस्केप’ म्हणतात, तर जागेवर बसून केलेल्या कामाला नुसते ‘स्पॉट’.

सोलापुरात हे शिकू लागणाऱ्याची पहिली अडचण हाताची नसते, मनात आधीच ठसलेल्या चित्राची असते. शाळेत ‘निसर्गचित्र काढा’ म्हटले की दोन त्रिकोणी डोंगर, मधून डोकावणारा सूर्य, नागमोडी नदी, कौलारू घर आणि नारळाचे झाड हे सगळे ठरल्यासारखे कागदावर येते. कोकण न पाहिलेली मुलेही कोकणच काढतात. सोलापूर मात्र दख्खनच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंचीवर आणि पर्जन्यछायेत आहे. इथे दिसतो तो माळ, काळी रानं, बाभळी आणि प्रचंड आकाश. माळावर काढण्यासारखे काही नाही, ही समजूत जितकी लवकर सुटेल तितके चांगले, कारण सपाट प्रदेश हा या कलेचा फार चांगला शिक्षक आहे.

सपाटीवर पहिला निर्णय क्षितिजरेषेचा. ती कागदाच्या मधोमध घेतली तर चित्राचे दोन सारखे तुकडे पडतात. जूनमध्ये ढग दाटून आले की रेषा खाली घेऊन कागदाचे चारांतले तीन भाग आकाशाला द्यावेत. पौषात ज्वारी कणसाला आलेली असताना ती वर न्यावी, म्हणजे शेताला जागा मिळते. जाड कागदात आयताकृती खिडकी कापून केलेली चौकट डोळ्यासमोर धरली की हा निर्णय सोपा होतो. काय घ्यायचे यापेक्षा काय सोडायचे हे ती दाखवते.

क्षितिजरेषा म्हणजेच पाहणाऱ्याच्या डोळ्यांची पातळी. यथार्थदर्शनाचा, म्हणजे जवळ-लांबचे अंतर कागदावर खरे दाखवण्याचा, हा नियम वर्गात फळ्यावर समजावून घेण्यापेक्षा माळावर पटकन कळतो. आपण उभे असलो तर आपल्याच उंचीची माणसे जवळ असोत की लांब, त्यांचे डोळे क्षितिजाच्याच रेषेत येतात. लांबच्या माणसाचे पाय तेवढे वर सरकतात. आपण खाली बसलो की सगळ्यांची डोकी रेषेच्या वर जातात. नवशिक्याच्या चित्रातली माणसे हवेत तरंगतात त्याचे कारण बहुधा इथेच असते.

डोंगर नसताना खोली कशी दाखवायची? बांध, गाडीवाट आणि नांगराचे तास लोपबिंदूकडे, म्हणजे समांतर रेषा लांबवर जिथे मिळताना दिसतात त्या बिंदूकडे, धावतात, जवळची बाभूळ लांबच्या झाडांना झाकते, आणि अंतर वाढेल तसा गडद-फिक्याचा फरक कमी होतो. या शेवटच्या गोष्टीत सोलापूरचे स्वतःचे म्हणणे आहे. हवेचे कण निळा प्रकाश अधिक विखुरतात म्हणून दूरचे डोंगर निळे दिसतात, असे शिकवले जाते आणि ते खरे आहे. पण एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांच्या वर असताना इथल्या हवेत धूळ असते, आणि लांबची झाडे निळी न होता मातकट-पांढुरकी होतात. पाऊस पडून हवा धुतली गेली की तीच झाडे पुन्हा निळसर दिसतात. डोळ्यांनी पाहिलेला रंगच लावावा.

झाडांच्या बाबतीत पानापानाच्या मागे लागू नये. डोळे किलकिले केले की झाड एका आकारात दिसते. कडुलिंबाचा आकार भरीव आणि गोलसर. त्याची उजेडाची बाजू आणि सावलीची बाजू सरळ वेगळी काढता येते. बाभळीचा पर्णसंभार विरळ, त्यातून आकाश दिसते. ती गच्च रंगवली की बाभूळ राहतच नाही.

शहरात अभ्यासासाठी सर्वांत मोलाची जागा म्हणजे भुईकोट किल्ला आणि त्याला लागून असलेला सिद्धेश्वर तलाव. काळ्या दगडाची तटबंदी, बुरूज, पाणी आणि पाण्यातले मंदिर एकाच नजरेत येते. बुरुजाच्या गोलाईवर उजेडाकडून अंधाराकडे जाणाऱ्या छटा टू-बी आणि फोर-बी या मऊ, गडद पेन्सिलींनी उतरवता आल्या की छायाप्रकाशाचा पाया पक्का झाला. प्रतिबिंब काढताना मात्र बहुतेक जण वरचे चित्र उलटे करून ठेवतात, आणि ते चुकते. वस्तूचा प्रत्येक बिंदू पाण्याच्या पातळीखाली तितक्याच अंतरावर, सरळ लंबात दिसतो; त्यामुळे काठापासून मागे असलेल्या भिंतीचा फक्त वरचा भाग पाण्यात दिसतो. साधारणपणे गडद रंग पाण्यात किंचित उजळतो, उजळ रंग किंचित मंदावतो.

पूर्व भागातल्या यंत्रमागांच्या गल्ल्या दोन्ही बाजूंच्या भिंती, तारा आणि गटारांच्या रेषांसह एका लोपबिंदूचा धडा देतात. सोलापूरची पहिली कापड गिरणी, लोक जिला ‘जुनी मिल’ म्हणतात, १८७७ ची. त्यानंतरच्या काळात गिरण्यांच्या चिमण्यांनी या आडव्या शहराला उभ्या रेषा दिल्या. आडव्या रचनेत एक उभा आकार किती वजन धरतो, हे त्यावरून कळते.

जलरंगात काम करणाऱ्याला इथले ऊन सतावते. वॉश, म्हणजे पाणी घालून पातळ केलेल्या रंगाचा थर, पसरायच्या आत वाळतो आणि मध्येच कडा उमटते. जाड कागद दोन्ही बाजूंनी ओला करून घ्यावा, बोर्ड सावलीत ठेवावा, उन्हाळ्यात काम सकाळी लवकर आटोपावे. दुपारी सूर्य डोक्यावर असल्याने सावल्या आखूड होतात आणि आकार सपाट वाटतात, म्हणून तशीही ती वेळ कामाची नाही. एकच जागा अनेकदा रंगवण्याचा मोठा आदर्श कोल्हापुरात आहे: चित्रकार आबालाल रहिमान (मृत्यू १९३१) यांनी तिथल्या कोटितीर्थ तलावाची जलरंगांतली चित्रे वारंवार केली.

कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या चित्रकलेच्या परीक्षांत निसर्गचित्राचा स्वतंत्र पेपर नसतो, पण स्मरणचित्राच्या, म्हणजे आठवणीतून काढायच्या चित्राच्या, पेपरात हा अभ्यास उपयोगी पडतो. जत्रेचे दृश्य हा त्यातला नेहमीचा विषय, आणि सोलापूरच्या मुलांना त्यासाठी कल्पना लढवावी लागत नाही. संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरते. पांढऱ्या पोशाखातल्या गर्दीवर सात नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, डोलत असतात. माळावर डोळ्यांच्या पातळीचा नियम ज्याने पाहिला आहे, तो आधी क्षितिजरेषा आखतो, सगळी डोकी तिच्याजवळ बसवतो आणि मग नंदीध्वज कागदाच्या वरच्या कडेपर्यंत नेतो.