सर्वोत्तम अनुरूप रेषा

सर्वोत्तम अनुरूप रेषा : दोन चलांची जोडीने घेतलेली निरीक्षणे विकीर्ण आलेखावर बिंदूंच्या रूपाने मांडली असता त्यांचा एकूण कल दर्शविणारी सरळ रेषा. तिचे समीकरण य = अ + ब क्ष असे लिहितात; येथे अ हा अंतःखंड (क्ष शून्य असताना य चे मूल्य) व ब हा रेषेचा चढ होय. प्रत्येक बिंदूचे रेषेपासून उभ्या दिशेतील अंतर म्हणजे त्या बिंदूचे विचलन. या विचलनांच्या वर्गांची बेरीज ज्या रेषेसाठी किमान होते ती रेषा निवडणे, हा रूढ निकष असून त्याला लघुतम वर्ग पद्धती म्हणतात. अशी रेषा दोन्ही चलांच्या माध्यांनी (सरासरींनी) ठरणाऱ्या बिंदूतून जाते आणि तिच्याभोवतीच्या धन व ऋण विचलनांची बेरीज शून्य असते. ‘सर्वोत्तम’ हे विशेषण या निकषापुरतेच खरे आहे. निकष बदलला की रेषाही बदलते.

लघुतम वर्ग पद्धतीच्या जनकत्वाचा वाद प्रसिद्ध आहे. तिच्या आधी जर्मन खगोलज्ञ टोबिआस मायर यांनी चंद्राच्या दोलनाविषयीच्या १७५० मधील लेखनात निरीक्षणांचे गट पाडून समीकरणे एकत्र करण्याची युक्ती वापरली होती. बॉस्कोविच यांनी १७५७ च्या सुमारास पृथ्वीच्या आकाराचा विचार करताना विचलनांच्या केवल मूल्यांची (धन-ऋण चिन्ह वगळून घेतलेल्या मूल्यांची) बेरीज किमान करण्याची कल्पना मांडली व पुढे लाप्लास यांनी ती बीजगणिती रूपात विकसित केली. वर्गांची बेरीज किमान करण्याची पद्धत मात्र प्रथम छापून आली ती फ्रेंच गणितज्ञ लझांद्र यांच्या धूमकेतूंच्या कक्षांवरील ग्रंथाच्या परिशिष्टात, १८०५ मध्ये. जर्मन गणितज्ञ गाउस यांनी १८०९ मध्ये खस्थ पदार्थांच्या गतीवरील ग्रंथात हीच पद्धत संभाव्यतेच्या आधारे मांडली व आपण ती १७९५ पासून वापरत असल्याचे नमूद केले; लझांद्र यांना हा दावा अर्थातच रुचला नाही. १८०१ च्या आरंभी सापडून नंतर दिसेनासा झालेला सीरीझ हा लघुग्रह गाउस यांच्या गणितामुळे त्याच वर्षाच्या अखेरीस पुन्हा सापडला. त्याचे श्रेय अनेकदा या पद्धतीला दिले जाते, परंतु त्या मूळ गणितात तिचा वाटा किती होता याबाबत अभ्यासकांत एकमत नाही. अमेरिकेत रॉबर्ट ॲड्रेन यांनीही १८०८ च्या सुमारास स्वतंत्रपणे तत्सम विवेचन केले. सांख्यिकीचे इतिहासकार स्टीफन स्टिग्लर यांनी १९८१ मध्ये उपलब्ध पुरावा तपासून असे मत मांडले, की गाउस यांच्याकडे ही पद्धत लझांद्र यांच्या आधी बहुधा होती, पण समकालीनांपर्यंत ती पोहोचविण्यात त्यांना यश आले नाही. प्रकाशनाचे श्रेय लझांद्र यांना आणि सैद्धांतिक पायाचे श्रेय गाउस यांना देणे सयुक्तिक दिसते.

विकीर्ण आलेखाचा इतिहास यापासून बराच काळ वेगळा राहिला. जोडताऱ्यांच्या कक्षांविषयी १८३३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात जॉन हर्शेल यांनी काळ व स्थितिकोन (एका ताऱ्याच्या संदर्भात दुसऱ्याची दिशा दाखविणारा कोन) यांचे बिंदू मांडून त्यांच्यामधून नजरेच्या अंदाजाने गुळगुळीत वक्र काढला. काही इतिहासकार यालाच पहिला विकीर्ण आलेख मानतात. रेषेला सांख्यिकीय अर्थ मिळाला तो फ्रान्सिस गॉल्टन यांच्या अनुवंशविषयक कामामुळे. त्यांनी १८८६ मध्ये २०५ दांपत्ये व त्यांची ९२८ प्रौढ अपत्ये यांच्या उंचीचा तक्ता प्रसिद्ध केला. त्यात पुरुषांच्या उंचीशी तुलना करता यावी म्हणून स्त्रियांची उंची १.०८ ने गुणून घेतली होती. मातापित्यांची सरासरी उंची समाजाच्या माध्यापेक्षा १ इंचाने अधिक असेल, तर अपत्यांची उंची सरासरीने सुमारे दोन तृतीयांश इंचानेच अधिक असते, असे त्यांना आढळले.

याच आकड्यांतून रेषेचा अर्थ लावण्यातील एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट होते. अपत्याच्या उंचीवरून मातापित्यांच्या उंचीचा अंदाज करायचा असेल, तर पहिले समीकरण उलटवून दीड हा चढ घेणे चूक ठरते. गॉल्टन यांना या दिशेने सुमारे एक तृतीयांश चढ मिळाला. कारण एका रेषेत उभी विचलने किमान केलेली असतात, तर दुसरीत आडवी. म्हणजे एकाच आलेखावर अशा दोन रेषा असतात आणि त्या माध्यबिंदूत छेदतात. दोन्ही चढांचा गुणाकार सहसंबंध गुणांकाच्या (दोन चलांचा सरळ रेषेतील संबंध किती घट्ट आहे हे −१ ते १ या पल्ल्यात सांगणाऱ्या संख्येच्या) वर्गाएवढा असतो. येथे तो दोन नवमांश, म्हणजे गुणांक सुमारे ०.४७ येतो. सर्व बिंदू एकाच तिरप्या रेषेवर असतील तरच या दोन रेषा एकरूप होतात. दोन्ही चलांना समान लेखून लंबांतरांच्या वर्गांची बेरीज किमान करणारी तिसरी रेषा कार्ल पीअर्सन यांनी १९०१ मध्ये मांडली.

क्ष एका एककाने वाढल्यावर य च्या सरासरीत किती बदल अपेक्षित आहे, हे चढ सांगतो. तो एककांसह वाचावा लागतो, आणि त्यातून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. क्ष = शून्य हे मूल्य निरीक्षणांच्या पल्ल्याबाहेर असेल, तर अंतःखंडाला बहुधा स्वतंत्र अर्थ नसतो; पल्ल्याबाहेरच्या कोणत्याही अंदाजाला, म्हणजे बहिर्वेशनाला, हीच मर्यादा लागू पडते. सहसंबंध गुणांकाचा वर्ग य च्या एकूण प्रचरणातील (मूल्यांच्या चढउतारातील) किती भाग रेषेने व्यक्त होतो ते दर्शवितो, पण रेषा योग्य आहे की नाही हे त्यावरून ठरत नाही. फ्रान्सिस ॲन्सकोम यांनी १९७३ मध्ये प्रत्येकी ११ बिंदूंचे चार संच रचून हे दाखविले. चारही संचांत रेषा जवळजवळ य = ३ + ०.५ क्ष आणि गुणांक सुमारे ०.८२ येतो. प्रत्यक्षात एका संचात सरळ कल आहे, दुसऱ्यात वक्र. तिसऱ्यात एकच विलग बिंदू रेषा ओढून घेतो आणि चौथ्यात तर एका दूरच्या बिंदूखेरीज चढ ठरूच शकत नाही. म्हणून विचलनांचा स्वतंत्र आलेख काढून त्यात काही आकृतिबंध उरतो का, हे पाहणे आवश्यक आहे.

रेषा चांगली जुळली म्हणजे मोजमाप अचूक आहे, असेही नाही. एडविन हबल यांनी १९२९ मध्ये २४ दीर्घिकांची अंतरे व दूर जाण्याचे वेग यांवरून काढलेल्या रेषेचा चढ मेगापार्सेकमागे (सुमारे ३२.६ लाख प्रकाशवर्षांमागे) प्रतिसेकंद सुमारे ५०० किलोमीटर आला, तर आजचे मूल्य ७० च्या आसपास आहे. अंतरे पद्धतशीरपणे कमी धरली गेली होती. असा दोष सर्व बिंदूंना सारख्याच प्रमाणात लागू झाला, तर तो रेषेभोवतीच्या विखुरणीत दिसतच नाही.

नजरेने काढलेल्या रेषांवरील प्रयोगांत लोकांचा कल लघुतम वर्गांच्या रेषेपेक्षा अधिक उभ्या, पीअर्सन यांच्या रेषेच्या जवळ जाणाऱ्या रेषेकडे आढळला आहे. विलग बिंदूंचा प्रभाव टाळण्यासाठी सर्व बिंदुजोड्यांच्या चढांचा मध्यक (क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारे मूल्य) घेण्याची रीत आंरी थाइल यांनी १९५० मध्ये सुचविली व प्रणबकुमार सेन यांनी १९६८ मध्ये ती विस्तारली.