एक तिकीट की दोन? परदेशातली क्रूझ पकडायला जाताना

बार्सिलोनाहून संध्याकाळी पाचला क्रूझ सुटणार आहे आणि तुम्हाला मुंबईहून तिथे पोचायचंय. एजंट व्हॉट्सअॅपवर दोन ऑप्शन पाठवतो. दोन्हीत मुंबई-दुबई-बार्सिलोना, वेळा थोड्याफार इकडेतिकडे, पण एक चांगलंच स्वस्त. तुम्ही विचारता की फरक काय, तर तो म्हणतो, "काही नाही हो काका, दोन्ही कनेक्टिंगच आहेत."

तर नाही, दोन्ही कनेक्टिंग नाहीत. एक आहे सबंध प्रवासाचं एकच तिकीट, आणि दुसरी आहेत दोन सुटी तिकिटं जी कोणीतरी स्क्रीनवर एकाखाली एक चिकटवलीत. दिसायला सेम. मुंबईत विमान वेळेवर सुटलं, दुबईत वेळेवर उतरलं तर अनुभवही बऱ्यापैकी सेमच, म्हणून तर लोकांना वर्षानुवर्षं फरक कळत नाही. फरक कळतो तो पहिलं विमान तीन तास लेट झालं की.

आधी ओळखायचं कसं ते सांगतो, कारण पीएनआर बघून कळत नाही. बुकिंग वेबसाइट स्वतःचा एकच बुकिंग नंबर देते, त्याखाली आत दोन तिकिटं असू शकतात, आणि उलट एकाच तिकिटावर दोन एअरलाइनचे दोन वेगळे पीएनआरही असतात. बघायचा तो ई-तिकीट नंबर. तेरा आकडी असतो, त्यातले पहिले तीन आकडे तिकीट कोणी काढलं ते सांगतात, ०९८ म्हणजे एअर इंडिया, १७६ एमिरेट्स, १५७ कतार, २२० लुफ्तान्सा. तुमच्या नावापुढे मुंबई-दुबई आणि दुबई-बार्सिलोना दोन्हीला तोच नंबर असेल तर एक तिकीट. वेगवेगळे असतील, किंवा एकाला नंबर आणि दुसऱ्याला नुसता पीएनआर, तर दोन. एकच अपवाद, चारपेक्षा जास्त उड्डाणं असली की एकाच तिकिटाला लागोपाठचे दोन नंबर पडतात, शेवटचा आकडा एकाने पुढे, तेव्हा उगाच घाबरू नका. आणि वेबसाइटवर कुठेतरी बारीक अक्षरात 'सेल्फ ट्रान्सफर' लिहिलेलं दिसलं तर विषय संपला, ती दोन तिकिटं आहेत.

एका तिकिटावर मुंबईला टी-टूच्या काउंटरवर बॅग दिली की ती थेट बार्सिलोनाला मिळते. बॅगेच्या दांडीला चिकटवतात ना तो लांब कागदी टॅग, त्यावर मोठ्या अक्षरात शेवटच्या विमानतळाचा तीन अक्षरी कोड असतो, बॅग पट्ट्यावर ढकलायच्या आधी तो वाचाच. बीसीएन लिहिलं असेल तर ठीक, डीएक्सबी लिहिलं असेल तर बॅग दुबईला उतरणार आणि तुम्हाला बाहेर जाऊन घ्यावी लागणार. "मॅडम, बॅग बार्सिलोनापर्यंत ना?" एवढं विचारायला लाजायचं काही कारण नाही, मागे लाइन कितीही मोठी असो.

दोन तिकिटांत टॅग बहुतेक वेळा डीएक्सबीचाच येतो. काही एअरलाइन आपसातल्या करारामुळे वेगळ्या तिकिटावरही बॅग पुढे पाठवतात, बऱ्याचशा नाही पाठवत, आणि तुमच्या हातात तसं काही लेखी नसतं. मग दुबईला इमिग्रेशन, पट्ट्यावरून बॅग, कस्टम्स, बाहेर, कदाचित दुसरं टर्मिनल, परत चेक-इन, परत सिक्युरिटी. आणि बाहेर पडायचं म्हणजे त्या देशाचा व्हिसा लागतो हे लोक साफ विसरतात. दुबईत तो आधी काढून किंवा तुम्ही बसत असाल तर ऑन अरायव्हल, पण लंडनला तसंही नाही. शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणारा, आहे म्हणून लंडनच्या हीथ्रो विमानतळावर बाहेर येऊन बॅग उचलू असं कोणी समजत असेल तर ते होत नाही, ब्रिटन शेंगेनमध्ये नाहीच. हे परवडलं असतं जर तिथे जाऊन कळलं असतं, पण ते कळतं मुंबईच्या काउंटरवर, कारण पहिल्या एअरलाइनच्या दृष्टीने तुम्ही दुबईला किंवा लंडनला जाणारे प्रवासी आहात, आणि तिथला व्हिसा नसेल तर ते बसवूच देत नाहीत.

आता मुख्य मुद्दा, उशीर. एका तिकिटावर पहिलं विमान लेट झालं आणि दुसरं चुकलं, तर तुम्हाला बार्सिलोनाला पोचवणं ही एअरलाइनची जबाबदारी, पुढच्या विमानात जागा तेच देतात, जादा भाडं नाही, रात्र काढावी लागली तर साधारणपणे हॉटेलही तेच बघतात. शिवाय दोन विमानांच्या मधे किमान किती वेळ हवा हे प्रत्येक विमानतळासाठी ठरलेलं असतं आणि त्याहून कमी वेळाचं कनेक्शन सिस्टिम एका तिकिटावर विकतच नाही. युरोपियन एअरलाइन असेल तर अजून एक फायदा. मुंबई-फ्रँकफर्ट-बार्सिलोना असं लुफ्तान्साचं एक तिकीट आहे, दोष एअरलाइनचा आहे आणि शेवटच्या ठिकाणी तीन तासांहून जास्त उशीर झाला, तर युरोपच्या २६१/२००४ या नियमाखाली ६०० युरोपर्यंत भरपाई मागता येते. उशीर शेवटच्या विमानतळावरचा मोजायचा हे तिथल्या कोर्टाने २०१३ मध्ये एका केसमध्ये पक्कं केलं, त्या बाईंचं पहिलं विमान ब्रेमेनहून जेमतेम अडीच तास लेट होतं पण पुढची विमानं चुकत चुकत त्या पॅराग्वेला अकरा तास उशिरा पोचल्या.

दोन तिकिटांत यातलं काहीच नाही. पहिली एअरलाइन म्हणते आम्ही तुम्हाला दुबईला सोडलं, उशिरा का होईना. दुसरी म्हणते तुम्ही आलाच नाहीत. दोघी आपापल्या जागी बरोबर. दादरला पोचणारी लोकल लेट झाली म्हणून कोकणकन्या थांबत नाही, तसंच. आणि एक लपलेला फटका असा की दुसरं तिकीट जर दुबई-बार्सिलोना-दुबई रिटर्न असेल आणि जाताना तुम्ही नो-शो झालात, म्हणजे न कळवता विमानाला आलाच नाहीत, तर बऱ्याच एअरलाइनच्या नियमाने पुढचं सगळं रद्द होतं, म्हणजे परतीचं सुद्धा. तिथल्या तिथे दुसऱ्या कुठल्या विमानाने बार्सिलोना गाठलंत तरी येतानाचं तिकीट गेलेलं असतं. हे टाळायचं तर विमान सुटायच्या आधी त्या एअरलाइनला फोन करून सांगायचं की मी येत नाहीये, परतीचं ठेवा. ऐकतीलच असं नाही, पण न सांगता तर नक्कीच जातं.

इथपर्यंत वाचून वाटेल की मग एक तिकीट काढलं की सुटलो. मला खरं तर याच्याबद्दलच बोलायचंय. एका तिकिटाचं वचन विमानतळापर्यंतचं असतं, बोटीपर्यंतचं नाही. एअरलाइनला तुमची क्रूझ माहीतही नाही. त्यांनी तुम्हाला दुसऱ्या दिवशी सकाळी बार्सिलोनाला उतरवलं की त्यांचं काम झालं, मग बोट काल संध्याकाळीच गेली असली तरी. १६ एप्रिल २०२४ ला दुबईत तो भयंकर पाऊस पडला, धावपट्ट्यांवर पाणी, कित्येक दिवस विमानांचा खोळंबा, त्यात एक तिकीटवाले आणि दोन तिकीटवाले सगळेच अडकले. एक तिकीटवाल्यांना पुढची जागा फुकट मिळाली इतकंच. आपल्याकडचं म्हणाल तर जुलै २०१९ मध्ये भर पावसात एक विमान धावपट्टीवरून घसरलं आणि मुंबईची मुख्य धावपट्टी काही दिवस बंद होती. मे ते सप्टेंबर हा युरोपच्या क्रूझचा आणि अलास्काचा सीझन, आणि त्यातले तीन-साडेतीन महिने आपल्याकडे मुंबईचा पाऊस. त्यामुळे तिकीट एक असो की दोन, बोटीच्या आदल्या दिवशी त्या शहरात पोचलेलं असायला हवं. अमेरिकेला जात असाल तर मी दोन दिवस म्हणेन.

बोट पाचला सुटते म्हणजे साडेचारला गेलो तर चालेल असंही नाही. चेक-इन सुटायच्या तास-दीड तास आधी बंद होतं, कारण प्रवाशांची यादी सरकारी खात्यांना द्यायची असते. आणि बंदर गावाच्या नावावर जाऊ नका. 'रोम'ची क्रूझ म्हणजे चिविताव्हेक्किया, शहरापासून सत्तर-ऐंशी किलोमीटर लांब. 'लंडन'ची म्हणजे बऱ्याचदा साउदॅम्प्टन, हीथ्रोहून शंभर किलोमीटर. व्हेनिसच्या जुन्या शहरासमोरून मोठ्या बोटी न्यायला ऑगस्ट २०२१ पासून बंदी आहे, तेव्हापासून 'व्हेनिस' लिहिलेली क्रूझ राव्हेन्नाहून किंवा त्रिएस्तेहून सुटत असू शकते. बुकिंगमध्ये बंदराचं नाव काय आहे ते बघून मगच विमान.

बोट चुकलीच तर पुढच्या बंदरावर पकडू, असं सगळेच म्हणतात. युरोपात जमतं, स्वतःच्या खर्चाने आणि व्हिसा असेल तर. अमेरिकेत कायदा आडवा येतो. १८८६ चा एक जुना कायदा आहे, परदेशी बोटीने प्रवाशांना एका अमेरिकन बंदरातून चढवून दुसऱ्या अमेरिकन बंदरात उतरवायचं नाही. सिएटलहून निघून सिएटललाच परत येणारी अलास्का क्रूझ चालते कारण चढणं-उतरणं एकाच बंदरात आणि मधे कॅनडाला थांबा. पण तुम्ही सिएटलला चुकलात आणि पुढे अलास्कातल्या केचिकनला चढून सिएटलला उतरायचं म्हटलंत तर ते बसत नाही, माणशी दंड आहे, त्यामुळे कंपनी बहुतेक चढूच देत नाही. व्हँकुव्हरहून निघून व्हँकुव्हरला परतणाऱ्या बोटीला ही अडचण नाही, कारण उतरणं कॅनडात. पण मग कॅनडाचाही व्हिसा, अमेरिकेचाही.

मग दोन तिकिटं काढूच नयेत का? असं काही नाही, आणि स्वस्त म्हणून नाक मुरडण्यातही अर्थ नाही. मधल्या शहरात मुक्कामच करायचा असेल तर दोन तिकिटं मस्त. मुंबई-लंडन डायरेक्ट घ्या, दोन दिवस मावसबहिणीकडे राहा, मग ट्रेनने साउदॅम्प्टन, यात चुकण्यासारखं दुसरं विमानच नाही. किंवा दुबईत एक रात्र, व्हिसा हातात, दुसऱ्या दिवशी दुपारचं विमान. मधे रात्र असली की दोन तिकिटांचा धोका जवळजवळ निघून जातो. धोकादायक काय, तर मधे तीन-चार तास ठेवलेली दोन तिकिटं आणि त्याच संध्याकाळी बोट. वाचलेले पैसे एकाच नव्या तिकिटात जातात, आयत्या वेळचं दुबई-बार्सिलोना किती पडतं ते एकदा साइटवर बघा.

काही क्रूझ कंपन्या विमानाचं तिकीटही विकतात, प्रिन्सेसचं ईझीएअर, रॉयल कॅरिबियनचं एअरटूसी. त्यांच्याकडून घेतलं तर विमान लेट झाल्यावर बोटीपर्यंत कसं न्यायचं याची डोकेदुखी बऱ्याच अंशी त्यांची. भारतातून बुक करताना ते मिळतंय का हे एजंटकडून आधी लेखी घ्या. तरीही बोट तुमच्यासाठी थांबेल असा त्याचा अर्थ नाही, कंपनीने खास भाड्याने घेतलेलं अख्खं चार्टर विमान भरून येत असेल तर गोष्ट वेगळी.

बॅग हरवली तर तुम्ही विमानतळ सोडायच्या आधी काउंटरवर पीआयआर नावाचा रिपोर्ट करा आणि तिथेच बोटीचं नाव, पुढच्या बंदरांची तारीखवार यादी आणि बंदर एजंटचा, म्हणजे क्रूझ कंपनीच्या तिथल्या बंदरातल्या माणसाचा, नंबर द्या, नाहीतर बॅग बार्सिलोनाच्या हॉटेलवर जाते आणि तुम्ही नेपल्सला. एका तिकिटात हा रिपोर्ट शेवटची एअरलाइन घेते, दोन तिकिटांत दोघी एकमेकींकडे बोट दाखवू शकतात. औषधं, चष्मा आणि एक जोड कपडे हातातल्या बॅगेत, हे आता आई-बाबांनाही पाठ झालंय.

तारखेचं एक बघा. मुंबईहून मध्यरात्रीनंतर खूप विमानं सुटतात. १४ तारखेची रात्री सव्वादोनची फ्लाइट म्हणजे १३ च्या रात्री दहा-साडेदहाला घरून निघायचं. दोन तिकिटांत दोघांच्या तारखा तुम्हीच जुळवताय, त्यामुळे ही चूक तिथे जास्त होते.

येताना बोट चुकायची भीती नसते म्हणून लोक परतीची दोन तिकिटं बिनधास्त काढतात. तेही चालेल, फक्त बार्सिलोनाला चढून रोमला उतरणार असाल तर दोन वनवेऐवजी एकदा मल्टी-सिटीचं भाडं काढून बघा, एकाच तिकिटात जाणं बार्सिलोनाला आणि येणं रोमहून बसतं आणि कित्येकदा रिटर्नच्या आसपासच पडतं. आणि बोट सकाळी सहाला धक्क्याला लागते म्हणजे तुम्ही सहाला बाहेर येत नाही, मजल्यामजल्याने सोडतात, बॅगा शोधायच्या, टॅक्सीची लाइन. त्या दिवशीचं विमान दुपारी एकच्या आधीचं घेऊ नका, चिविताव्हेक्कियाला उतरत असाल तर तीननंतरचं.